बॉनेट उघडा, पण मोजपट्टी घेऊन

शहापूरच्या किंवा मुरबाडच्या एस.टी. स्थानकासमोर अर्धा तास उभे राहा आणि समोरून जाणाऱ्या जीपगाड्या नीट न्याहाळा. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच्या तशी राहिलेली गाडी तुम्हाला शोधावी लागेल. एखादीला मूळच्यापेक्षा मोठे, रुंद टायर दिसतील. एखादीच्या मागच्या कमानीत एकदोन पाटे जास्तीचे घातलेले असतील; हेतू हा की भाताची पोती भरली तरी गाडी मागे बसू नये. कोणाच्या टपावर दिव्यांची रांग, कोणाच्या तोंडाशी जाडजूड लोखंडी गार्ड. सुटीच्या दिवशी, आणि पावसाळ्यात तर हटकून, मुरबाड-टोकावडे मार्गे माळशेज घाटाकडे निघालेल्या हौशी मालकांच्या गाड्या पाहाल, तर हाच प्रकार अधिक पैसे खर्चून केलेला आढळेल.

या प्रकाराविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की कंपनीने दिलेल्या गाडीला मालकाने हातच लावू नये; बॉनेट उघडायचे ते सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने. दुसरे मत गॅरेजच्या बाकावर चहा पिता पिता तयार होते: अमक्याने हा बदल केला, त्याला फरक जाणवला, मग आपणही करू. मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. पहिल्या मताने वागले तर पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर यांची भीती बाळगणारी पिढी तयार होईल. दुसऱ्या मतात कुतूहल आहे, हिंमत आहे, हाताची कुसरही आहे. फक्त आकडा नाही. गाडीला हात जरूर लावावा, पण जो बदल करायचा त्याचे माप आधी घ्यावे आणि नंतरही घ्यावे, असे माझे म्हणणे आहे. यासाठी लागणारे पदार्थविज्ञान तुमच्या शाळेच्या पाठ्यपुस्तकात आहे. ते लाकडी ठोकळ्यांपुरते ठेवायचे की रस्त्यावर आणायचे, एवढाच प्रश्न आहे.

मोठ्या टायरपासून सुरुवात करू. टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असे काहीतरी छापलेले असते. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो की टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे. आणि शेवटचा आकडा म्हणजे आतल्या लोखंडी रिमचा व्यास, इंचांत. (मिलिमीटर आणि इंच एकाच ओळीत नांदताना पाहून तुमच्या शिक्षकांना राग येईल, पण टायरचा धंदा असाच चालतो.) हिशेब केलात तर या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर येतो. आता समजा, मालकाने त्याच रिमवर ३१ इंची टायर चढवला. त्याचा व्यास झाला ७८७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १२ टक्के जास्त.

गाडीतला वेगदर्शक काटा रस्ता मोजत नाही. तो चाकाचे किंवा त्याला जोडलेल्या दंडाचे फेरे मोजतो, आणि एका फेऱ्याला मूळ टायरचा परीघ धरून वेग दाखवतो. टायर मोठा झाल्याची वार्ता त्याला कोणी कळवलेली नसते. म्हणून काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ताशी ६७ किलोमीटरने धावत असते. वेगात फरक बारा टक्क्यांचा. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ऊर्जेत फरक पंचवीस टक्क्यांचा. ही सारी ऊर्जा ब्रेकला जिरवायची आहे.

आता ब्रेककडे पाहा. ब्रेकचा लायनर ड्रमला दाबून चाकाला पीळ देतो, ज्याला आपण बलाचे आघूर्ण म्हणतो. हे आघूर्ण चाकाच्या त्रिज्येने भागले की टायर आणि रस्ता यांच्या दरम्यानचे थांबवणारे बल मिळते. पायाचा दाब तोच, ड्रम तोच, लायनर तोच, पण त्रिज्या बारा टक्क्यांनी वाढली. म्हणजे थांबवणारे बल जवळजवळ अकरा टक्क्यांनी घटले. ऊर्जा सव्वापट आणि बल सुमारे ०.८९ पट. थांबायला लागणारे अंतर म्हणजे ऊर्जा भागिले बल. भागाकार करा: १.४ येईल. पेडलवर सवयीचा तेवढाच दाब दिला आणि काटा तेच ६० दाखवत असला, तरी गाडी पूर्वीच्या दीडपटीला थोड्याच कमी अंतरावर थांबणार. रस्त्यात गुरे आडवी आली तर चालकाचा पाय सवयीनेच पडतो. अधिक जोराने दाबले तर बल वाढेल, हे खरे. पण किती जोराने दाबायचे याची पायाला झालेली सवय जुन्या टायरची आहे. जड टायर स्वतः फिरण्यात साठवतो ती जादा ऊर्जा आपण यात धरलेलीच नाही.

हा हिशेब कागदावरचा आहे, असे कोणी म्हणेल. मग प्रत्यक्ष करून पाहा. शाळेच्या मैदानावर उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर खडूने एक रेघ मारा, तिच्याच खाली जमिनीवर दुसरी. चालकाला गाडी अगदी सावकाश पुढे घ्यायला सांगा, आणि टायरवरची रेघ पुन्हा खाली येईल तेथे जमिनीवर खूण करा. दोन खुणांमधले अंतर फीतीने मोजले की टायरचा खरा परीघ मिळाला. हे माप व्यासावरून काढलेल्या परिघापेक्षा थोडे कमी भरेल. का भरते, याचा विचार करा. उत्तर टायरच्या ज्या भागावर गाडीचे वजन पडते तेथे दडलेले आहे.

आता घाटाकडे वळू. आपल्या तालुक्यांना घाट चुकत नाही. मुरबाडकरांना माळशेज, शहापूरकरांना कसारा. कसारा घाटाची उंची मोजण्याचे काम रेल्वेने आपल्यासाठी फार पूर्वी करून ठेवले आहे. १८६५ साली सुरू झालेला कसारा-इगतपुरी लोहमार्ग सुमारे ३०० मीटर चढतो आणि त्यातला सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर एवढा आहे. म्हणूनच चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात.

माणसे भरलेली एक जीप घ्या, एकूण वस्तुमान २,००० किलोग्रॅम. ती ३०० मीटर खाली उतरली तर स्थितिज ऊर्जेत किती घट झाली? वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची: २,००० × ९.८ × ३०० म्हणजे ५८ लाख ८० हजार ज्यूल. नुसता आकडा काही सांगत नाही, म्हणून तुलना करू. हीच जीप सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जाताना तिची गतिज ऊर्जा सुमारे २ लाख ७८ हजार ज्यूल असते. म्हणजे घाट एकदा उतरणे हे साठच्या वेगावरून लागोपाठ एकवीस वेळा थांबण्यासारखे आहे. ही सारी उष्णता ब्रेकमध्येच गेली, तेथेच राहिली, आणि चारी चाकांच्या ड्रम-डिस्कमध्ये मिळून ४० किलो बीड आहे असे समजा. बिडाची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ४६० ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश धरली, तर तापमान सुमारे ३२० अंशांनी वाढेल!

सुदैवाने प्रत्यक्षात तसे होत नाही. टायरचे घर्षण आणि हवेचा रोध यातला बराच वाटा उचलतात, वाऱ्याने ड्रम थंडही होत असतात. आणि आणखी एक मोठा वाटेकरी आहे: इंजिन. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की चाकेच इंजिनाला फिरवतात, आणि इंजिन आपल्या आतल्या घर्षणाने व हवा ओढण्या-दाबण्याच्या श्रमाने गाडीला मागे खेचत राहते. गिअर जितका खालचा, तितके इंजिनाचे फेरे जास्त आणि तितकी ओढही जास्त. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, असे जुने चालक नवशिक्याला सांगतात. त्यांनी ऊर्जेचे समीकरण मांडलेले नसते, पण सल्ला बावनकशी आहे.

याच घाटात दुसराही एक सल्ला ऐकू येतो, आणि त्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला: उताराला गाडी न्यूट्रलमध्ये टाका, डिझेल वाचते. काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. एकवीस थांब्यांच्या ऊर्जेतला इंजिनाचा वाटा आता कोणी उचलायचा? ब्रेकने. शिवाय तुमच्या पायाचा दाब वाढवणारा बूस्टर निर्वाताच्या जोरावर चालतो, आणि पुष्कळशा डिझेल गाड्यांत तो निर्वात तयार करणारा पंप इंजिनाच्या जोरावर फिरतो. इंजिन बंद झाले की बूस्टरमधली शिल्लक दोनचार वेळा पेडल दाबेपर्यंत पुरते. त्यानंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. गाडीला पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते.

आणि वाचते काय? आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, पेट्रोल असो वा डिझेल, गाडी गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंजिनाला इंधन जवळजवळ बंदच होते, कारण त्याला उतारच फिरवत असतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जोरावर फिरत राहावे लागते आणि त्यासाठी इंधन जळत राहते. म्हणजे बचतीसाठी केलेल्या युक्तीत खर्च जास्त! कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांच्या काळात या सल्ल्यात बचतीपुरते थोडेफार तथ्य असेलही. यंत्र बदलले, सल्ला तसाच राहिला.

येथे जरा थांबून रेल्वेकडे पाहण्यासारखे आहे. घाट उतरणारी आधुनिक विजेची इंजिने आपल्या मोटारींनाच जनित्र बनवतात आणि उतरताना मिळालेली ऊर्जा विजेच्या रूपाने वरच्या तारेत परत पाठवतात. ती चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला उपयोगी पडते. विजेवर चालणारी मोटारही हेच करते, फक्त ऊर्जा बॅटरीत भरते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्यापासून मोटारी सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जाऊ लागल्या. वळणे संपली, म्हणून घाट संपला असे पुष्कळांना वाटते. पण इगतपुरीची उंची कोणी कमी केलेली नाही. बोगद्याने रस्ता सरळ केला. ऊर्जेचे बिल पूर्वीइतकेच आहे.

ब्रेक तापतात म्हटल्यावर ब्रेक ऑइलचे नाव निघाले पाहिजे. पण गॅरेजच्या बाकावर ते क्वचितच निघते. पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारा हा द्रव दाबला जात नाही, म्हणूनच तो कामाचा. पॅस्कलचा नियम तुम्हाला माहीत आहे. हा द्रव उकळू लागला तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वायू सहज दाबला जातो, आणि पेडल फळीपर्यंत जाऊनही चाकाला काही पोहोचत नाही. डॉट ३ जातीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे तेल हवेतला ओलावा शोषते. सुमारे पावणेचार टक्के पाणी त्यात मुरले की तोच उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत उतरला तरी मानकाला चालतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते हे मी सांगायला नको. हजारो रुपये खर्चून टायर बदलणाऱ्या मालकाला विचारा, ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदललेत? पुष्कळदा उत्तर येईल, ‘ते बदलावे लागते?’ होय, साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, आणि त्याला नव्या टायरच्या किमतीचा लहानसा अंशही लागत नाही. डबी कमी झाली म्हणून त्यात इंजिन ऑइल ओतणारेही भेटतात. त्याने ब्रेकमधली रबरी वॉशरे फुगतात आणि सारी यंत्रणाच निकामी होते.

माझी हौशी मालकांविरुद्धची खरी तक्रार हीच आहे. जे डोळ्यांना दिसते त्यावर खर्च होतो. जे दिसत नाही ते तसेच पडून राहते.

दिव्यांचेच घ्या. हॅलोजन दिव्यातली तार परावर्तकाच्या नाभीपाशी अगदी ठराविक जागी बसवलेली असते. त्याच खोबणीत स्वस्तातला एल.ई.डी. गोळा बसवला तर प्रकाश देणारे ठिपके नाभीवर नेमके येत नाहीत. उजेड जास्त पडतो, पण हवा तेथे पडत नाही. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र जातो. कोणी ६० वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब घालतो. बारा व्होल्टवर प्रवाह पाच अँपिअरवरून आठ अँपिअरच्या वर गेला, आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढून पावणेतीन पट झाली. तार मात्र जुनीच, पाच अँपिअरच्या हिशेबाची. मग फ्यूज जातो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी तांब्याची जाड तार येते, आणि मग जळायला फक्त गाडी उरते. दिवा वाढवायचाच असेल तर योग्य जाडीची स्वतंत्र तार, रिले आणि फ्यूज हवा. हे काम आय.टी.आय.त शिकलेला मुलगा तासाभरात करून देईल.

माळशेजच्या धुक्यात पिवळा दिवा आरपार जातो, असाही एक समज आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने बरेच मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा आणि पांढरा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. फरक पडतो तो दिवा कोठे लावला याने. हिवाळ्यात पहाटे धुके पडेल तेव्हा विजेरी घेऊन शेतावर जा. एकदा ती डोळ्याजवळ धरून लावा, एकदा गुडघ्याच्याही खाली धरून जमिनीलगत झोत सोडा. टपावरच्या दिव्यांच्या रांगेबद्दल मग वेगळे सांगावे लागणार नाही.

टायरमधली हवा पाहणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने केले जाणारे काम. सकाळी २५ अंशांना गार टायरमध्ये ३० पौंड हवा भरली. पौंड म्हणजे येथे दर चौरस इंचाला पौंड. भर दुपारी महामार्गावरून धावून टायरमधली हवा ५५ अंशांवर गेली. आता मापकावर किती दिसेल? तुमच्यापैकी काहीजण ५५ भागिले २५ करतील आणि टायर फुटल्याचे उत्तर काढतील. तापमान केल्व्हिनमध्ये घ्या, एवढे पुष्कळांना आठवेल. पण आणखी एक मेख आहे: मापक फक्त वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. म्हणून ३० मध्ये आधी १४.७ मिळवा, ४४.७ ला ३२८ ने गुणून २९८ ने भागा, आणि १४.७ पुन्हा वजा करा. उत्तर सुमारे ३४.५. पंपावरचा पोऱ्या म्हणतो, ‘हवा जास्त आहे, काढू का?’ काढून ३० केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २६ पौंडच उरते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, बाजूंनी झिजतो आणि इंधनही जास्त खातो. हवा नेहमी गार टायरमध्येच पाहावी. नायट्रोजन भरण्याबद्दल कोणी विचारले तर सांगा, की फुकट मिळते त्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणे ही तर आपल्याकडची जुनी विद्या. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणे आणि साधारण ८० अंशांच्या पुढे वाट मोकळी करणे, एवढेच त्या छोट्या झडपेचे काम. ती काढली की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, तोवर वंगण दाट राहते, झीज वाढते, डिझेल जास्त जळते. आणि गाडी तापण्याचे खरे कारण, म्हणजे बोअरच्या जड पाण्याने आत चढलेले क्षाराचे पुट किंवा सैल पडलेला फॅनबेल्ट, तसेच राहते. तापामापी फोडल्याने ताप उतरत नाही. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नका. ते कुकरच्या झाकणासारखेच आहे: आत दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते, आणि झाकण निघताच एकदम उकळून तोंडावर येते.

आता ‘मला फरक जाणवला’ या वाक्याचा समाचार घेऊ. डिझेलच्या नळीवर लोहचुंबक बांधल्याने ॲव्हरेज वाढतो, असे सांगणारे पावलोपावली भेटतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली. त्यांतल्या फारच थोड्यांनी काही वाचवले, तेही जेमतेम. मग मालकाला फरक का जाणवतो? कारण तो मोजतो कसा, ते पाहा. पाच लिटर डिझेल गेले, गाडी ७५ किलोमीटर चालली, म्हणून लिटरला १५. पण टाकी गळ्यापर्यंत भरली म्हणजे नेमकी कोठपर्यंत, यात अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो, आणि टाकी दोनदा भरायची असते. पाच लिटर म्हणजे चार असतील किंवा सहाही. ७५ ला चाराने भागा, १८.७५ येतात. सहाने भागा, १२.५ येतात. या पसाऱ्यात चुंबकाने वाढवलेला एक किलोमीटर शोधणे म्हणजे वजनकाट्यावर हत्ती चढवून त्याच्या पाठीवरची माशी तोलणे! निदान पाचशे किलोमीटर चालवा, टाकी त्याच पंपावर तितकीच भरा, चुंबकासह आणि चुंबकाशिवाय आळीपाळीने दोनदोनदा करा, चारही आकडे वहीत लिहा. मग बोला. हौशी मालकांत असे करणारे अगदीच नाहीत असे नाही, आणि अशा माणसाचा शब्द मी एखाद्या छापील जाहिरातीपेक्षा जास्त मानीन.

कायदा काय म्हणतो हेही तुम्हाला माहीत हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीच्या कागदावरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. मान्यताप्राप्त संचाने सी.एन.जी. बसवण्यासारख्या बाबींना परवानगी घेऊन मुभा आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड ठरवला. पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्यास केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते, आणि त्यामागेही साधे पदार्थविज्ञान आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून तिचे नाक ६० सेंटिमीटर चेपले, तर आतल्या माणसाला गुरुत्वाच्या सुमारे सोळापट मंदन सोसावे लागते. गार्डमुळे ती तीसच सेंटिमीटर चेपली तर बत्तीसपट. चेपणे हा त्या पत्र्याचा दोष नव्हे, ते त्याचे काम आहे. समोर पायी जाणारा असेल तर त्याचे काय होईल, ते वेगळेच.

मात्र या कायद्याचा अर्थ ‘हात लावू नका’ असा करणाऱ्यांशी माझे भांडण आहे. हवा, पाणी, तेल, पट्टे, फ्यूज, लायनर, बॅटरीची टोके: ही सारी देखभाल कायद्याच्या कक्षेत राहून घरच्या घरी पाहता येते. आणि हाताची कुसर ही आपल्याकडे दुर्मिळ नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून एक छोटी जीप बनवली, आणि ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होई. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नाही हेही त्यांनी म्हटले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबाला मिळाली. माझ्या मते या गोष्टीत दोन्ही बाजू बरोबर होत्या: बनवणाऱ्याने बनवले हेही, आणि ती रस्त्यावर न धावता जपून ठेवली जावी हेही.

शिक्षकांना एक विनंती आहे. उतरणीवरच्या ठोकळ्याचे गणित आपण दरवर्षी फळ्यावर सोडवतो. यंदा ठोकळ्याच्या जागी किन्हवली-सरळगाव मार्गावरची प्रवासी जीप घ्या. तिच्या चालकाला तासभर वर्गात बोलवा. तो येईल, आणि मुलांना त्याच्याकडून कमानीचे पाटे, क्लचची प्लेट, घाटातले गिअर यांविषयी जे ऐकायला मिळेल ते आमच्यासारख्या प्राध्यापकांना सांगता येणार नाही. मुलांनी त्याला प्रश्न विचारावेत आणि त्याच्या प्रत्येक युक्तीपुढे एक आकडा मांडून पाहावा. काही युक्त्या टिकतील, काही गळतील. टिकणाऱ्यांची संख्या तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघेल, असे मला वाटते.

आणि मुलांसाठी एक काम. खेळण्यातली मोटार फळीवर आडवी ठेवा, चाकांना बाहेरून पट्टी लावा म्हणजे ती घसरणार नाही, आणि फळी एका बाजूने हळूहळू उचला. कोणत्या कोनाला मोटार कलंडते ते कोनमापकाने पाहा. नंतर तिच्या टपावर मातीचा गोळा चिकटवा आणि पुन्हा मोजा. मग तोच गोळा चाकांच्या मध्ये, खाली चिकटवून तिसऱ्यांदा मोजा. तिन्ही कोन वहीत लिहून ठेवा, आणि टपावर पोती लादलेली जीप दिसली की तो दुसरा कोन आठवून पाहा.